तेल आजीचं घेतलं, न्हाणं राहून गेलं

काकू, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कोंड्यावरचा माझा लेख तुम्हाला लागला, हे दिसतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डोकं कोरडं पडलं की कोंडा होतो, म्हणून रोज रात्री सरसोंचं, म्हणजे मोहरीचं, तेल जिरवायलाच हवं, तुमच्या आजींचे केस त्यानेच गुडघ्यापर्यंत वाढले, जावळ काढलं की केस दाट येतात, कोंड्याने केस गळतात, आणि मी औषधाच्या दुकानात बसते म्हणून शाम्पूची बाजू घेते. शेवटी तुम्ही लिहिलंय की चौदा वर्षांच्या नातीचा कोंडा तेल लावूनही हटत नाही. त्या एका ओळीसाठी हे एवढं लांब उत्तर लिहितेय.

आधी दुकानाचं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचं दुकान आहे, शाम्पू विकतो, खरं आहे. तेलाच्या बाटल्याही त्याच फळीवर आहेत आणि शाम्पूपेक्षा जास्त जातात. तुम्ही तेल सोडलंत तर माझा गल्ला वाढणार नाही.

आता आजीचं, कारण आजी मलाही होती. थंडीत रविवारी गच्चीवर उन्हात बसवायची, वाटीत कोमट तेल. पण त्याआधी, शनिवारी रात्री, रिठे आणि शिकेकाई भिजत पडलेली असायची. तेल लावून तासाभरात न्हाणं. दोनदा चोळून धुवायची आणि मग एक बट दोन बोटांत धरून ओढायची. ती करकरली तरच सोडायची, नाहीतर पुन्हा पाणी. आपण त्यातलं तेल तेवढं ठेवलं. आज मुली रात्री तेल थापून झोपतात, सकाळी त्याच डोक्याची वेणी घालून शाळेत जातात आणि वर लोकरीची टोपी. ‘एवढ्या थंडीत केस कुठे धुवायचे’ म्हणत चार-पाच दिवस तसेच जातात.

कोंड्याला नेमकं हेच मानवतं. मलासेझिया नावाची एक बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर राहते. 1874 मध्ये फ्रान्सच्या लुई-शार्ल मलासे यांनी तिचं वर्णन केलं, त्यांचंच नाव तिला मिळालं. टाळूतून पाझरणाऱ्या तेलावर ती जगते. ते तेल फोडताना ओलेइक आम्लासारखे पदार्थ सुटतात, काहींच्या टाळूला ते सोसत नाहीत, आणि एरवी महिनाभरात हळूहळू निघणारी कातडी घाईने, पापुद्रे होऊन निघते. पापुद्रा पांढरा म्हणून आपण टाळू कोरडी समजतो. ती कोरडी असती तर कोंडा सर्वात जास्त म्हातारपणी दिसला असता. तो सुरू होतो वयात येताना, टाळूच्या तेलग्रंथी जाग्या झाल्या की. तुमच्या नातीचं वय तेच आहे. प्रयोगशाळेतसुद्धा या बुरशीच्या बहुतेक जाती तेलाशिवाय वाढत नाहीत, ताटलीत बऱ्याचदा ऑलिव्हचं तेल घालावं लागतं.

सरसोंचं तेल आपल्याकडे मुरैना-भिंडकडचं, घाणीचं, वासानेच ओळखू येणारं. भाजीत मलाही तेच लागतं. पण डोक्याला ते झोंबतं आणि ‘झोंबतंय म्हणजे काम करतंय’ असं आपण धरून चालतो. तो झणका तेलातल्या तिखट द्रव्याचा असतो, आणि खाजवून सोललेल्या टाळूवर त्याने आग होते. लिंबाचंही तसंच. गेल्या डिसेंबरात एक मुलगी ओढणी घट्ट बांधून दुकानात आली. ओढणी सरकवली तेव्हा भांगात पिवळट खपल्या तेलात भिजून केसांना चिकटल्या होत्या आणि खालची कातडी लालबुंद होती. आठ दिवस तेल, कापूर आणि लिंबू चालू होतं. तिला मी काही विकलं नाही, थेट डॉक्टरांकडे पाठवलं.

एका बाबतीत मात्र तुम्ही बरोबर आहात आणि मी कमी पडले. ‘तेल म्हणजे कोंड्याचं खाद्य’ एवढं लिहून मी थांबले होते. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे मुंबईच्या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलंय. केस तुटत नाहीत, म्हणून लांब राहतात. वाढ मुळाशी होते, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, ती तेलाने वेग घेत नाही. आजींचे केस गुडघ्यापर्यंत गेले, कारण त्यांचा एकेक केस गळण्याआधी खूप वर्षं वाढत राहिला. ते अंगचं असतं.

जावळ जरूर काढा, तो आपला संस्कार आहे. पण बाळाचे मऊ केस जाऊन पुढे जाड केस येतात, ते वय वाढल्यामुळे. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून खुंट राठ लागतात. अमेरिकेच्या शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्येच मोजून पाहिलं होतं: वस्तऱ्याने केसाची जाडी वाढत नाही, वेगही नाही.

आणि ‘कोंड्याने केस गळतात’ याचं. आपल्या ग्वाल्हेरात डेंग्यू, टायफॉइड पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे होतात. मोठ्या तापानंतर केस गळतात ते दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे ऐन थंडीत, कोंडा वाढतो तेव्हाच. दोन्ही एकदम दिसतात आणि आळ कोंड्यावर येतो. दिवसाला पन्नास ते शंभर केस जाणं तर नेहमीचंच. नातीला मधे ताप येऊन गेला होता का, तेवढं आठवून बघा.

तिच्यासाठी एवढं करा. महिनाभर टाळूला तेल नको. केटोकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाचा दोन टक्क्यांचा शाम्पू आठवड्यातून दोनदा. तो केसांना नाही, टाळूला लावायचा, आणि पाच मिनिटं तसाच राहू द्यायचा. बहुतेक जण लगेच धुऊन टाकतात आणि मग म्हणतात गुण नाही. बरं वाटलं की आठवड्या-पंधरवड्याने एकदा, कारण ही बुरशी कायमची जात नाही. कुठे गोल चट्टा पडून केस तुटले असतील, पू असेल किंवा जाड रुपेरी खवले असतील, तर शाम्पूवर थांबू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. चट्टा नायट्याचा निघाला तर पोटातून औषध लागतं.

आणि रविवारी तिला गच्चीवर घेऊन बसाच. खोबरेल कोमट करा, वेणीच्या टोकांपासून वर अर्ध्यापर्यंत लावा, टाळू सोडा. तासाभराने धुवा आणि एक बट बोटांत ओढून बघा, करकरते का.