तीन सिलिंडर म्हणजे ‘पाऊण इंजिन’? त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

गाडी घ्यायचं घरात ठरलं की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर हा मजकूर येऊन पडतोच. शब्द बदलतात, आशय तोच असतो: चार मीटरच्या आतली 1.2 लिटर टर्बो पेट्रोल एसयूव्ही घेऊ नका. तीन सिलिंडर म्हणजे पाऊण इंजिन. चार माणसं बसली की घाटात दम टाकते. थरथर एवढी की माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे रबरी जोड) जातात. साठ-सत्तर हजार किलोमीटरांत टर्बो (एक्झॉस्टच्या वायूने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) गेलाच म्हणून समजा. मायलेजचे आकडे म्हणजे थापा. 1200 सीसी हा नुसता कर वाचवायचा खेळ. त्यापेक्षा चार सिलिंडरचं ‘सरळ’ 1.5 लिटर इंजिन घ्या, डोक्याला ताप नाही.

यातलं काही साफ चूक आहे, काही अर्धवट खरं आहे आणि एक मुद्दा अगदी बरोबर आहे. तुलनेला दोन ओळखीच्या गाड्या घेऊ: रांजणगावात बनणारी टाटा नेक्सॉन (1199 सीसी, तीन सिलिंडर, टर्बो) आणि 2022 साली नव्या रूपात आलेली मारुती ब्रेझा (1462 सीसी, चार सिलिंडर, टर्बो नाही). दोघींची लांबी 3995 मिमी, दोघींना 215/60 आर16 टायर मिळतात, त्यामुळे तुलना रास्त आहे.

‘पाऊण इंजिन’

1199 ला तीनने भागा: सुमारे 400 सीसी. 1462 ला चारने भागा: सुमारे 365. म्हणजे नेक्सॉनचा एकेक सिलिंडर ब्रेझाच्या सिलिंडरपेक्षा मोठाच आहे. सिलिंडर मोजून ताकद ठरत असती तर प्रश्नच मिटला असता. आणि तीन सिलिंडर हे काही आजकालचं फॅड नव्हे. 1983 साली आलेली मारुती 800 तीन सिलिंडरचीच होती. तिने देशातले सगळे घाट पालथे घातले, तेव्हा कुणी तिला पाऊण गाडी म्हटलं नाही.

आता ताकद. नेक्सॉन 5500 आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) 120 पीएस (अश्वशक्ती) देते, आणि 1750 ते 4000 आरपीएमच्या पट्ट्यात 170 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. ब्रेझाचं इंजिन 6000 आरपीएमला 103 पीएस आणि 4400 आरपीएमला 136.8 न्यूटन मीटर. लोक पीएसचा आकडा बघतात. बघायचा असतो तो टॉर्क किती आरपीएमला मिळतो हा. 2000 आरपीएमला 170 न्यूटन मीटर म्हणजे चाकांकडे निघालेली ताकद साधारण 48 पीएस. त्याच 2000 ला ब्रेझाने आपला कमाल टॉर्क दिला असं धरलं (प्रत्यक्षात तो तिथे मिळत नाही) तरी आकडा 39 च्या वर जात नाही. नेक्सॉन वजनाला जड आहे, त्यात या फायद्यातला काही भाग खर्च होतो, हे मान्य. तरीही चढावर गिअर न बदलता ओढण्यात टर्बो पुढेच राहते.

‘घाटात दम टाकते’

हा मुद्दा उलटा आहे, पण त्याच्या तळाशी एक खरा अनुभव आहे, म्हणून जरा सविस्तर.

वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट घ्या. वळणावर वेग 20 वर येतो, ड्रायव्हर तिसरा गिअर तसाच ठेवतो, आरपीएम 1500 च्या खाली घसरतात. अशा वेळी एक्झॉस्टमध्ये टर्बोचं चाक जोरात फिरवण्याइतका वायू नसतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी दीड-दोन सेकंद काहीच होत नाही, मग एकदम ढकलल्यासारखी गाडी सुटते. यालाच लोक ‘दम टाकला’ म्हणतात. त्या दोन सेकंदांत ते इंजिन म्हणजे टर्बोशिवायचं 1200 सीसी इंजिन असतं, तेही जड गाडीला जुंपलेलं. इथे 1.5 लिटरचं साधं इंजिन खरोखर बरं वाटतं, कारण पाय दाबला की ते लगेच उत्तर देतं.

उपाय गाडीत नाही, पायात आहे. वळण यायच्या आधी, वळणात शिरल्यावर नव्हे, दुसरा गिअर टाका. वळणातून बाहेर पडताना काटा 2000 च्या वर हवा. फारच अवघड, उलटं वळण असेल तर सरळ पहिला. खालच्या आरपीएमला वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धरणं ही सवय टर्बो पेट्रोलला सर्वात वाईट: इंजिन खटखटतं, सिलिंडरमध्ये दाब अवेळी चढतो आणि पेट्रोलही जास्त जातं.

उंचीचा हिशेबही फॉरवर्डच्या विरोधात जातो. महाबळेश्वर सुमारे 1350 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण 15 टक्के कमी असतो. विनाटर्बो इंजिन जेवढी हवा मिळेल तेवढीच ओढणार, त्यामुळे त्याची ताकद जवळपास त्याच प्रमाणात पडते. टर्बो जरा जोरात फिरून ती घट बरीचशी भरून काढतो. लेह-मनालीकडे जाणाऱ्यांना तर हा फरक उघड जाणवतो.

छोट्या इंजिनाची खरी कमजोरी मात्र फॉरवर्डमध्ये नाहीच, आणि ती चढताना नव्हे, उतरताना दिसते. ॲक्सिलरेटर सोडल्यावर 1.2 लिटरचं इंजिन गाडीला फार धरून ठेवत नाही. भरलेली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये उतरवली तर सगळा भार ब्रेकवर येतो, पॅड तापतात, पेडल मऊ पडायला लागतं. म्हणून ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने, गरज पडली तर एक गिअर खाली घेऊन उतरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये दुसरा लॉक करा. ब्रेक सतत टेकवून न ठेवता थोडा जोरात दाबा आणि सोडा.

‘थरथरीने माउंटिंग जातात’

थरथर असते, नाकारण्यात अर्थ नाही. चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या दर 180 अंशांना एक स्फोट होतो, तीनमध्ये दर 240 ला. 800 आरपीएमच्या आयडलला चार सिलिंडरचे सेकंदाला सुमारे 27 ठोके पडतात, तीनचे 20. जितके ठोके विरळ, तितके ते सीटला आणि स्टिअरिंगला जास्त जाणवतात. शिवाय तीन सिलिंडरचं इंजिन टोकापासून टोकापर्यंत पाळण्यासारखं डुलतं. ते मऊ माउंटिंग आणि वजन लावलेले पुली-फ्लायव्हील मिळून शोषून घेतात. दोन हजारांच्या वर हा प्रकार जवळजवळ संपतो.

पण थरथर असणं वेगळं आणि वाढणं वेगळं. पहिल्या दिवसापासून जेवढी होती तेवढीच असेल तर ती त्या इंजिनाची चाल आहे. वाढली असेल तर कारण शोधा. आधी स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल बघायचे: तीनमधला एक सिलिंडर मिसिंग मारू लागला तर ताकदीचा तिसरा हिस्साच जातो आणि गाडी ट्रॅक्टरसारखी हलते. मग थ्रॉटल बॉडीतला (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेतला) मळ. माउंटिंग शेवटी. ते तपासणं सोपं आहे: बॉनेट उघडा, हँडब्रेक लावा, गाडीसमोर कुणी उभं नाही याची खात्री करा, एकाने ब्रेक घट्ट दाबून डी आणि आर आलटून पालटून टाकायचं (मॅन्युअल असेल तर पहिला आणि रिव्हर्स, क्लच किंचित सोडून), दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं. इंजिन थोडं झुकलं तर ठीक. ठक्क आवाज करून उडी मारली तर रबर फाटलंय. आधी माउंटिंग बदलून मग प्लग बघणारा मेकॅनिक भेटला तर नमस्कार करून निघा.

‘साठ-सत्तर हजारांत टर्बो जातो’

छोटा टर्बो मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. त्याचा मृत्यू किलोमीटर मोजून येत नाही, ऑइलमुळे येतो: जुनं, चुकीच्या ग्रेडचं किंवा कमी पडलेलं. किंवा बाजारातला स्वस्त एअर फिल्टर नीट बसत नाही आणि धूळ आत जाते.

सांभाळायला फार काही लागत नाही. सकाळी चालू केल्यावर अर्धा मिनिट थांबा आणि इंजिन गरम होईपर्यंत 2500 च्या वर नेऊ नका. घाट चढून लगेच गाडी बंद करू नका. शेवटचं एखादं किलोमीटर हळू चालवली किंवा मिनिटभर आयडलला ठेवली की पुरे. भाजी आणून परत आल्यावर हा सोपस्कार करायची गरज नाही. ऑइलचा ग्रेड आणि ते किती किलोमीटरला बदलायचं हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच असतं. तेवढे किलोमीटर किंवा 12 महिने, जे आधी येईल तेव्हा बदला. रोज पाच-सहा किलोमीटरच गाडी फिरत असेल तर आणखी लवकर, कारण इंजिन पुरतं तापत नाही आणि पेट्रोल व पाणी ऑइलमध्ये राहून जातं. डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) महिन्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी.

‘टर्बो गेला’ असं सांगितलेल्या तक्रारीत बऱ्याचदा इंटरकूलरच्या (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपची क्लिप सुटलेली निघते. लक्षणं अशी: अचानक पिकअप गायब, दाबल्यावर फुस्स आवाज, चेक इंजिनचा दिवा. क्लिप आवळली की गाडी पूर्ववत. खरा टर्बो जातो तेव्हा निळा धूर दिसतो, ऑइलची पातळी उतरत जाते आणि शिट्टीचा भोंगा होतो. त्या पाइपात ऑइलचा हलका ओलावा दिसणं नेहमीचं आहे. तेवढ्यावर नवा टर्बो बसवून घेऊ नका.

‘मायलेजच्या थापा’

थाप नाही, वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. कंपनी सांगते तो आकडा ज्या चाचणीतून येतो ती रोलरवर, एसी बंद ठेवून, 1180 सेकंदांची, ताशी 90 च्या वर न जाणारी असते. हिंजवडीची संध्याकाळ त्यात येत नाही. गाड्यांची आपसांत तुलना करायला तो आकडा चालतो, खिशाचा हिशेब करायला नाही. फॉरवर्डने म्हणायला हवं होतं ते हे: टर्बो पेट्रोलचं मायलेज पायाप्रमाणे फार बदलतं. जोर दिला की हवा वाढते आणि हवेबरोबर पेट्रोलही. हलक्या पायाच्या आणि घाईच्या ड्रायव्हरमधला फरक साध्या इंजिनापेक्षा इथे मोठा पडतो. स्वतः मोजायचं तर एकाच पंपावर पहिल्या ऑटो-कटला थांबा, ट्रिप शून्य करा, किमान 300 किलोमीटर चालवा, पुन्हा तिथेच पहिल्या कटपर्यंत भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा.

‘कर वाचवायचा खेळ’

हो, हे खरं आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 18 टक्के जीएसटी आहे. ब्रेझाचं 1462 सीसी इंजिन त्या रेषेपलीकडे, 40 टक्क्यांत जातं. 1199 हा आकडा योगायोगाने आलेला नाही. पण करामुळे आकार ठरला म्हणजे इंजिन वाईट झालं, हे कसं?

जी गोष्ट चालवताना सर्वात जास्त जाणवते ती फॉरवर्डमध्ये नाहीच: गिअरबॉक्स. तेच 170 न्यूटन मीटरचं इंजिन मॅन्युअलमध्ये एक गाडी असतं आणि एएमटीमध्ये दुसरीच. एएमटी म्हणजे साधा एकेरी क्लच, फक्त तो पायाऐवजी यंत्र दाबतं. टर्बोचा उशीर आणि गिअर बदलतानाचा झटका एकावर एक आले की ओव्हरटेक करताना जीव टांगणीला लागतो. चढावर ट्रॅफिकमध्ये ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी तोलून धरली तर क्लच जळतो. ब्रेकवर थांबा, पुढची गाडी दोन लांब्या सरकली की मगच निघा. दुहेरी क्लचची गाडी सफाईने चालते, पण मुंगीच्या वेगात तिचाही क्लच घसरतच असतो. ब्रेझात मिळणारा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पुढे देणारा ऑटोमॅटिक) रोजच्या कोंडीत या सगळ्यांत निवांत आहे, आणि 1.5 घ्यायचीच असेल तर सिलिंडर मोजण्यापेक्षा हे कारण भक्कम आहे.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर एकट्याने घेऊ नका. घरच्या चौघांना बसवा, एसी लावा, जवळचा चढ गाठा, मधेच थांबून पुन्हा निघा. मग तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 30 वरून 60 ला जायला किती वेळ लागतो ते मागे बसलेल्याला मोबाइलवर मोजायला सांगा.