मडगार्ड का नाही?

सोमवारी संध्याकाळी डिचोली बसस्टँडजवळच्या गाड्यावर आम्ही नेहमीचे तिघे होतो. शिवाय दत्तारामचा आठवीतला भाचा. सुहास मोटरसायकल लावून आला, तर पाठीवर मानेपर्यंत लाल चिखलाची रेघ. मागचं मडगार्ड गेल्या आठवड्यात तुटलेलं. ते बघून पोराने विचारलं, "काका, फॉर्म्युला वनच्या गाड्यांना मडगार्ड का नसतं?"

"तेच तर!" सुहासने लगेच धरलं. "एवढा कोटींचा खेळ आणि चाकं उघडी! पाऊस आला की मागच्याला काही दिसत नाही, शर्यत थांबवावी लागते. झाका की."

पाण्यावर उपाय म्हणून चाकांवर झाकणं लावून बघितलीत, 2023 मध्ये इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर. फारसा फरक पडला नाही, कारण पुष्कळसं पाणी गाडीच्या तळाखालून उडतं. पण सुहासचा मुद्दा पाण्यापुरता नव्हता. चाकं उघडी ठेवणं हा जुना हट्ट आहे, असं त्याचं म्हणणं. मला ते पटत नाही, आणि म्हणून मी 1954 वर गेलो.

त्या वर्षी मर्सिडीजने चाकं झाकलेली गाडी आणली होती. फ्रान्समधल्या रीम्सच्या लांब सरळ रस्त्यांवर फांजिओ, पाच वेळा जगज्जेता झालेला ड्रायव्हर, तिच्यावर जिंकला. दोन आठवड्यांनी सिल्व्हरस्टोन. तिथे वळणांच्या कडेला खुणेसाठी तेलाची पिंपं ठेवलेली. त्या रुंद अंगाखाली फांजिओला आपलं चाक नेमकं कुठे आहे ते दिसेना आणि गाडी पिंपांवर आपटत राहिली. चौथा आला, पत्रा चेपलेला. पुढच्या शर्यतीला, जर्मनीत न्यूरबर्गरिंगला, मर्सिडीजने उघड्या चाकांची गाडी आणली आणि तो जिंकला. फांजिओसारख्या माणसाला चाक दिसावं लागतं, मग हा हट्ट कसा?

दत्ताराम तोवर गप्प होता. 2012 साली खाणी बंद पडेपर्यंत त्याने टिपर चालवला. खेपेमागे पैसे, म्हणून सगळे एकमेकांना चिकटून धावायचे. तो म्हणाला, "आमचं घासलं तर रंग जायचा. उतरून बघायचं पण नाही. यांचं घासलं तर काय होतं?"

हे सांगण्यापेक्षा दाखवणं बरं. गाड्यावरच्या बरण्यांची दोन झाकणं मागून घेतली आणि बाकावर उभी धरली, एकापुढे एक. दोन्ही पुढे चालवायची. पुढच्या झाकणाची मागची कड वर जाते. मागचं झाकण तिला टेकलं की ती कड त्याला उचलते. पोराने स्वतः करून बघितलं. मागचं झाकण खरंच वर चढलं, त्याच्या बोटांतून सुटून चहात पडता पडता राहिलं. 2010 मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सियाला वेबरची गाडी कोव्हालाइननच्या मागच्या चाकाला लागली ती अशीच. हवेत उलटी झाली, आपटली, टायरच्या भिंतीत घुसली. वेबर चालत बाहेर आला.

म्हणून या शर्यतीत धक्का मारून पुढे जाता येत नाही. तीनशेच्या वेगात दुसऱ्याच्या चाकापासून वीतभर अंतर राखायचं आणि तरीही पुढे काढायची. मी तासन्‌तास बघत बसतो ते हे अंतर. दोघे एका वळणात शेजारी शेजारी शिरतात, दोघेही एकमेकांना गाडीपुरती जागा ठेवतात आणि दोघेही शाबूत बाहेर पडतात, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. चाकं झाकली तर तेवढी जागा ठेवायची गरजच उरणार नाही.

"आणि इटलीतलं मोन्झा?" सुहास म्हणाला. "2021. तेव्हा कुठे होती तुझी जागा?"

त्याने नेमकी दुखरी जागा धरली. पिटमध्ये टायर बदलून बाहेर आलेला हॅमिल्टन, बाहेरून व्हेर्स्टाप्पन, पहिलं चिकेन, म्हणजे लागोपाठची उलटसुलट वळणं. व्हेर्स्टाप्पनचं मागचं चाक हॅमिल्टनच्या गाडीवर चढलं आणि डोक्यावरच्या हेलोवर आलं. ती टायटॅनियमची कमान 2018 पासून सक्तीची झाली, तेव्हा गाडीचं रूप गेलं म्हणून मीही कुरकुर केली होती. त्या दिवशी ती नसती तर आज आम्ही हॅमिल्टनबद्दल वेगळ्या शब्दांत बोलत असतो. व्हेर्स्टाप्पनला पुढच्या शर्यतीत तीन जागा मागे सुरू करण्याची शिक्षा झाली.

"दोघांनाही चाकं दिसत होती ना?" दत्तारामने विचारलं.

"दिसत होती."

"मग?"

मग काय. त्या वर्षी दोघांनाही विजेतेपद हवं होतं आणि मागे कोणी हटलं नाही. चूक माणसांची होती, चाकांची नव्हती, एवढं मी म्हणालो. सुहासला ते पुरेसं वाटलं नाही. त्याच्या मते माणसं चुकणारच, हे धरूनच गाडी बांधायला हवी. हेलो त्यासाठीच आहे, हे मला मान्य करावं लागलं. चाकं झाकायला मात्र मी तयार नाही.

पाऊस पुन्हा सुरू झाला. सुहास तुटक्या मडगार्डची मोटरसायकल तिथेच ठेवून दत्तारामच्या छत्रीत शिरला. पोरगं अजून बाकावर दोन झाकणं फिरवत होतं, आता जरा अंतर ठेवून.