परत तोच फोन, परत तेच प्रश्न

आज वर्क फ्रॉम होम होतं. दुपारी ताटावर बसले आणि फोन वाजला. "मॅम, आर यू लुकिंग फॉर अ चेंज?" कंपनीचं नाव ऐकलं आणि घास हातातच राहिला. तीच कंपनी, तीच सीनियर क्यूएची (म्हणजे सॉफ्टवेअर टेस्टिंगची) पोस्ट, तेच हिंजवडी फेज 3. मार्चमध्ये माझे चार राउंड घेऊन जे गायब झाले ते आज उगवले, आणि ते पण जन्मात कधी ओळखच नसल्यासारखे. करंट सीटीसी, म्हणजे वर्षाचा एकूण पगार किती, एक्स्पेक्टेड किती, नोटीस पिरियड किती. अगं बाई, हे सगळं तुमच्या पोर्टलवर दोनदा भरलंय मी! एकदा रेझ्युमे अपलोड करून, आणि मग तोच रेझ्युमे एकेका रकान्यात परत टाइप करून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ऑनलाइन टेस्ट झाली, दोन टेक्निकल झाले, चौथा मॅनेजर राउंड म्हणे फेस टू फेसच, तोही मंगळवारी सकाळी 11 ला. ऑफिसात सांगितलं आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. (आईचे डोळे ठणठणीत आहेत, दोन्ही मोतीबिंदूंची ऑपरेशनं कधीच झालीत.) सिंहगड रोडवरून गाडी काढली, बायपास, भूमकर चौक, पुढचं तुम्हाला माहितीच आहे, सव्वा तास. गेटवर सिक्युरिटीने फोनच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवला. वर रिसेप्शनला पावणेदोन तास बसवलं, साहेब कॉलवर होते. मग आले, 20 मिनिटं बोलले, त्यातली निम्मी 2019 मध्ये गॅप का आहे यावर. मुलगा झाला म्हणून, साहेब. होतात लोकांना मुलं.

तरी शुक्रवारी एचआरचा फोन. काँग्रॅच्युलेशन्स मॅम, यू आर सिलेक्टेड, डॉक्युमेंट्स पाठवा, ऑफर लेटर दोन दिवसांत. तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, फॉर्म 16, पॅन, आधार, पीएफचा यूएएन नंबर आणि दहावीपासूनच्या मार्कशीट. दहावीच्या! 11 वर्षं टेस्टिंग केल्यावर यांना माझे भूमितीचे मार्क बघायचेत. आईने त्याच संध्याकाळी शिरा केला, देवापुढे ठेवला, म्हणाली फोटो काढून ताईला पाठव. काढला तर नुसता अंधार. मंगळवारचा तो स्टिकर तसाच होता. नखाने खरवडला, पण डिंक राहिलाच, अजून कोपऱ्यात फोटो धूसर येतो.

आणि मग काहीच नाही. दोन मेलना "इंटरनल अप्रूव्हल पेंडिंग" आलं, तिसऱ्याला तेही नाही. पोर्टलवर आजही "अंडर प्रोसेस" आहे. नशीब मी राजीनामा टाकला नव्हता, तोंडी शब्दावर टाकणारे आहेत माझ्या ओळखीत.

हो, कंपन्यांचंही असतं, प्रोजेक्ट बारगळतो, वरून हायरिंग फ्रीज येतो. आणि चार ऑफर खिशात घालून जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद ठेवणारे हिरोही आहेत, आमच्याच टीममध्ये यायचा होता एक. मान्य. पण म्हणून एक ओळीचा मेल पाठवता येत नाही? नाही म्हणा ना, कोण रडणार आहे, पण म्हणा तरी! मावसभाऊ कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो, त्यांच्या ऑन्टारियोत 1 जानेवारी 2026 पासून नियमच आहे, 25 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने जाहिरात देऊन इंटरव्ह्यू घेतला की निर्णय झाला की नाही ते 45 दिवसांत कळवायचं. कॅलिफोर्नियात तर 2018 पासून आधीचा पगार विचारायलाच बंदी. आणि इथे आधी स्लिप दाखवा, मग त्यावर 20-30 टक्के घालून आम्ही तुमची लायकी ठरवणार.

बरं, आज नोटीस पिरियड 90 दिवस सांगितला तर म्हणते, "मॅम, वी नीड इमिजिएट जॉइनर." यांच्याच कंपनीत माझी मैत्रीण आहे, तिचा नोटीस पिरियड किती? 90 दिवस! म्हणजे तुमची माणसं तीन महिने बांधून ठेवणार आणि दुसऱ्यांची उद्या सकाळी पाहिजेत.

तर मी त्या मुलीवर चढले. मार्चपासूनचं सगळं ऐकवलं, कॅमेऱ्यावरच्या स्टिकरसकट. ती जरा वेळ गप्प, मग हळूच म्हणाली, "मॅम, मी व्हेंडरकडून आहे, म्हणजे बाहेरच्या एजन्सीकडून, मला मागचं काही दिसत नाही. दिवसाचे 60 कॉल असतात." आवाजावरून 22-23 ची असेल. मागे आणखी पाच-सहा जणींचं "आर यू लुकिंग फॉर अ चेंज" चाललेलं ऐकू येत होतं. मग काय बोलणार. सॉरी म्हटलं तिला. ती पण म्हणाली सॉरी. आणि मग, हसू नका, सांगितली तिला सगळी माहिती. सीटीसी पण.

आई समोर बसून ऐकत होती. ताक वाढत म्हणाली, "या वेळी मला दाताच्या डॉक्टरकडे ने. खरंच दाढ दुखतीये."