थट्टा कोणाची चालली आहे, ते आधी बघा

परवा रात्री साडेअकराला धुळ्याहून भाचीचा फोन आला. "मावशी, मी उगाच मनावर घेते का गं?"

झालं होतं असं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पोरींनी एक खोटी जाहिरात बसवली होती, 'सावळी' नावाच्या क्रीमची. एक गोरीपान मुलगी तोंड पाडून बसलेली. तिला नोकरी लागत नाही, स्थळं परत जातात. मग मैत्रीण तिच्या हातात डबी देते आणि म्हणते, "लाव, आठ दिनमा कायी व्हई जाशी!" (आठ दिवसांत काळी होशील!) भाचीने त्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात तिच्या मामाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, त्याखाली तो सगळीकडे फिरणारा मेसेज चिकटवला: वर्णभेद ही परदेशातली कीड आहे, आपला विठोबाच काळा, अशा विनोदी जाहिराती नसलेली भेग पाडतात, गोऱ्यांची थट्टा हाही वर्णभेदच, जाहिरात करमणुकीसाठी असते, मनावर घेऊ नये, आणि त्याने काही बदलत नाही, कंपन्यांचा गल्ला तेवढा भरतो.

विठोबाचं आधी उरकते. पंढरीला जाऊन काळ्या पायांवर डोकं ठेवायचं आणि घरी येऊन मुलीच्या रंगावरून नाक मुरडायचं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत. वधू-वर मेळाव्याची कोणतीही पुस्तिका उघडा. 'गोरी', 'निमगोरी', 'गव्हाळ' असं लिहिलेलं सापडेल. 'काळी' असं कोणी लिहीत नाही, तिथे रकानाच कोरा राहतो. दादा, तुझ्या मुलाचा बायोडाटा आपण गेल्या दिवाळीत केला. त्यात 'अपेक्षा: गोरी, शिकलेली' हे शब्द तुझे होते, पण अक्षर माझं होतं. मी ते खोडलं नाही, हे मला आज टोचतंय.

आणि रंगाबरोबर आणखी बरंच काही चिकटलेलं असतं. भाची धुळ्याला गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला विचारलं गेलं, "तू तळोद्याकडची का?" तळोदा म्हणजे नंदुरबारचा आदिवासी पट्टा. विचारणारीला गाव जाणून घ्यायचं नव्हतं, जात जोखायची होती. मे महिन्यात रावेर-यावलच्या केळीत राबणाऱ्या बाईचा रापलेला रंग आणि पंख्याखाली बसणारीचा रंग यांत कोणाला सावली मिळाली याचा हिशेब असतो. म्हणे, भेग नाही!

भेग नसती, तर जाहिरातवाल्यांच्या स्वतःच्या संस्थेला नियम का करावे लागले? भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे 'ॲस्की'ने, 2014 साली गोरेपणाच्या उत्पादनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्वचेच्या रंगावरून भेदभाव पसरवू नका. सावळ्या माणसाला अनाकर्षक, दुःखी, लग्न-नोकरीत मागे पडलेलं दाखवू नका. एखादा रंग विशिष्ट जातीशी, समाजाशी किंवा धंद्याशी जोडू नका. ही यादी कोणा चळवळ्याने केलेली नाही. 1975 साली 'फेअर अँड लव्हली' क्रीम आल्यापासून जे विकलं गेलं, त्याची ही कबुली आहे. पोरींनी बसवलेला खेळ पुन्हा बघ: त्याच यादीतली एकेक गोष्ट त्यांनी उलटी करून गोऱ्या मुलीवर घातली आहे. ती उलटी झाल्यावर तुला टोचली. सुलट होती तेव्हा पंचेचाळीस वर्षं जेवताना बघितलीस.

आता सगळ्यात भंपक मुद्दा: 'गोऱ्यांची थट्टा हाही वर्णभेदच.' थट्टा वरच्याची आहे की दबलेल्याची, हे न बघता दोन्ही एका मापात घालायच्या? 2012 साली दक्षिण आफ्रिकेत नॅन्डोज या चिकन विकणाऱ्या कंपनीने जाहिरात केली. निवेदक म्हणतो, या देशाचं वाटोळं परदेश्यांमुळे झालं, सगळ्यांना परत पाठवा. मग एकेक समाज धुराच्या लोटात गायब होतो: नायजेरियन, भारतीय, चिनी, गोरे आफ्रिकानर, झुलूसुद्धा. शेवटी उरतो एक खोइसान माणूस, तिथला सर्वांत जुना रहिवासी. तो म्हणतो, मी कुठेही जाणार नाही, तुम्ही आलात तेव्हा मी इथेच होतो. त्याच देशात 2008 च्या दंगलींत परक्यांविरुद्धच्या द्वेषातून साठहून अधिक माणसं मारली गेली होती. तरी सरकारी वाहिनीने जाहिरात नाकारली. म्हणे लोक उलटा अर्थ घेतील. ज्यांचा द्वेष त्यात उघडा पडला, त्यांचीच भीती वाटली. आपल्याकडे 2023 मध्ये झोमॅटोने उलटं केलं. 'लगान' चित्रपटातल्या 'कचरा' नावाच्या दलित पात्राला चक्क कचऱ्यापासून बनलेलं टेबल, दिवा, कुंडी बनवून दाखवलं. ओरड झाल्यावर जाहिरात मागे घेतली गेली, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने नोटीसही दिली. दोन्ही विनोदच, पण पहिल्यात बोट सत्तेकडे आहे, दुसऱ्यात माणसाचं सामान झालं आहे.

करमणुकीचा मुद्दा दोन ओळींत. 2012 मध्येच अमेरिकेत पॉपचिप्सच्या जाहिरातीत एका गोऱ्या नटाने तोंडाला तपकिरी रंग फासून 'राज' नावाचा भारतीय रंगवला. तिथल्या भारतीयांनी ओरड केली आणि जाहिरात काढायला लावली. त्यांनी मनावर घेतलं ते चूक होतं का?

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. कंपन्या गल्ल्यासाठीच हे करतात. नॅन्डोजच्या जाहिरातीच्या शेवटीही नव्या पदार्थांची घोषणा होती. आपल्याकडच्या त्या 'फेअर अँड लव्हली'ने 2020 मध्ये नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' लावला; मूळ कंपनी तीच, जी डव्हच्या नावाने बायकांना 'जशा आहात तशा सुंदर' म्हणत होती. म्हणून कंपनीवर भरवसा ठेवू नकाच. पण धुळ्याच्या त्या पोरींना काय विकायचं होतं, दादा? त्यांच्या डबीत तर काहीच नव्हतं.

तुझा मेसेज वाचून भाचीने त्याच रात्री व्हिडिओ काढून टाकला. माझ्याकडे तो होता. आज सकाळी मी तो परत टाकला आहे, तुझ्या मेसेजच्या बरोबर खाली.