अंध सभासद नसलेले ग्रंथालय

बडोद्यातील एका जुन्या मराठी ग्रंथसंग्रहाचे डिजिटायझेशन होणार असल्याचे शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॅप गटावर कळले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. तो संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. पानांची नुसती छायाचित्रे काढून त्यांच्या पीडीएफ फायली करायच्या असे ठरत होते. एकाने सुचवले की पानांबरोबर मजकूरही तयार करावा, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांना स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ही पुस्तके ऐकता येतील. त्यावर संग्रह चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ काकांनी लिहिले, "आपल्याकडे एकही अंध सभासद नाही. हे परदेशी फॅड आपल्याला कशाला?" त्याखाली पाठिंब्याच्या अंगठ्यांची रांग लागली.

जिथले एकही पुस्तक आपल्याला वाचता येणार नाही, तिथे वर्गणी भरून सभासद कोण होईल? सभासद नाहीत म्हणून सोय नाही आणि सोय नाही म्हणून सभासद नाहीत, हे चक्र कार्यकारिणीला दिसत नसेल असे मला वाटत नाही. ते कुणीतरी दुसऱ्याने मोडावे, एवढीच त्यांची इच्छा असावी. परंतु 'परदेशी' हा शेरा निदान बडोदेकराने तरी मारू नये. सयाजीरावांनी ग्रंथालय चळवळीसाठी 1910 मध्ये ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावले, ते अमेरिकेहून. फिरत्या पुस्तकालयांच्या पेट्या ज्या खेड्यांत गेल्या, तिथे आधी सभासदांची यादी मागवून मग पेटी पाठवली नव्हती. अमरेलीत प्रयोग करून 1906 मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेही मागणी आली म्हणून नव्हे. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांकडून दंड घेतला जात असे. त्या राजाच्या नावाने व्याख्यानमाला भरवणाऱ्या मंडळींनी मागणीची वाट पाहावी, हे मला सोसत नाही.

आता मुद्द्याचे. छायाचित्र असलेल्या पानावर स्क्रीन रीडरला अक्षर सापडतच नाही. त्याच्या लेखी ते पान कोरे असते. संस्थेच्या स्मरणिका संगणकावरच जुळवलेल्या आहेत, त्यांचे काम सोपे, असेही कुणी म्हणाले. त्या जर युनिकोडपूर्व फॉन्टांत असतील, आणि त्या काळातल्या बहुतेक तशाच आहेत, तर तिथे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते आणि स्क्रीन रीडर निरर्थक इंग्रजी अक्षरे वाचत सुटतो. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये हवा, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत असलेल्या जागतिक पद्धतीत. छायाचित्रातून अक्षरे ओळखणारी सॉफ्टवेअर मराठीसाठी उपलब्ध आहेत, पण जुन्या छपाईतील झिजलेले खिळे आणि तुटकी जोडाक्षरे यांपुढे ती अडखळतात, त्यामुळे माणसाने मुद्रितशोधन करावेच लागते. खरा खर्च तिथे आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. वाचकाच्या बाजूचा खर्च मात्र जवळपास संपलेला आहे: एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी 2006 पासून उभा केला आणि तो विनामूल्य आहे, मराठी वाचून दाखवणारा आवाज साध्या अँड्रॉइड फोनवरही मिळतो. शिवाय ज्या काकांनी फॅड म्हटले त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले आहे. छायाचित्र मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते, मजकूर मोठा केला की तो नव्याने ओळीत बसतो, हे त्यांना लवकरच कळेल.

कॉपीराइटची अडचणही कुणी पुढे केली. भारताने 2012 च्या दुरुस्तीनेच दिव्यांग वाचकांसाठी पुस्तक सुगम स्वरूपात आणण्यास मुभा दिली आहे. याच विषयावरील 2013 च्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, 2014 मध्ये. करार लागू होण्यासाठी वीस देश लागत होते, आणि तो विसावा देश होता कॅनडा, 2016 मध्ये. 'परदेशी फॅड' म्हणणाऱ्यांना मी हे मोठ्या आनंदाने कळवले.

मी राहतो त्या कॅनडाच्या ओन्टारिओ प्रांतात हे सारे मनाच्या मोठेपणातून झाले, असे मात्र कुणी समजू नये. टोरांटोच्या टीटीसी या शहरी वाहतूक सेवेच्या गाड्यांत प्रत्येक थांब्याचे नाव पुकारले जाते, कारण डेव्हिड लेपॉफ्स्की या अंध वकिलांनी वर्षानुवर्षे पिच्छा पुरवला. मानवाधिकार न्यायाधिकरणाने 2005 मध्ये भुयारी गाड्यांसाठी आणि 2007 मध्ये बस व स्ट्रीटकारसाठी तसा आदेश दिला. आज गो ट्रेन या उपनगरी गाडीतून उतरून टीटीसी पकडणारा डोळस प्रवासीही फोनमधून मान न काढता आपला थांबा ओळखतो. माझ्या कार्यालयात दृष्टिहीन सहकारी आहे आणि नवे सॉफ्टवेअर त्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही: रकान्याला नाव आहे का, माऊसशिवाय सर्वत्र पोहोचता येते का, चित्राखाली वर्णन आहे का. हेदेखील ओन्टारिओच्या 2005 च्या सुगमता कायद्यामुळे, आणि आरंभी कुरकुर इथेही झाली होती. त्याच कायद्याने सारा प्रांत 2025 पर्यंत सुगम करण्याचे ठरवले होते आणि ती मुदत चुकली, टीटीसीच्या काही स्टेशनांत अजून लिफ्ट नाही, हे मी गटावर लिहिले नाही. वादात सगळेच सांगायचे नसते.

माझा आतेभाऊ बडोद्यात एका बँकेत आहे. त्याची दृष्टी फार अधू आहे. 2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यातील चार टक्के आरक्षणाने त्याला खुर्ची मिळाली, पण कार्यालयीन परिपत्रके सही-शिक्क्यानिशी स्कॅन केलेली येतात आणि ती शेजारच्या टेबलावरून वाचून घ्यावी लागतात. वाचून दाखवणारे भले आहेत, मात्र बढतीच्या वेळी त्याच भलेपणाचा "याला दुसऱ्याची मदत लागते" असा शेरा होतो. सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवांची सुगमता जगण्याच्या हक्काचा भाग मानली. निकाल दिल्लीत लागला. बडोद्याच्या दांडिया बाजारातले छायाचित्रांचे कंत्राट त्याआधीच्याच हिशेबाने दिले जात आहे.

काकांनी मला गटाबाहेर स्वतंत्र उत्तर धाडले: "तू तिथे बसून शिकवू नकोस. पैसे पाठवणार असशील तर बोल." राग आला, आणि त्यात तथ्य आहे हेही कळले. माझे मत आता इथल्या मतपेटीत पडते. बडोद्याच्या कुठल्याच निर्णयाची झळ मला लागत नाही. तरीही त्या पुस्तकांवर मी हक्क सांगतो, आणि तो केवळ आतेभावासाठी नाही. माझी मुलगी मराठी समजते, बोलते, पण देवनागरी तिला अक्षर लावत वाचावी लागते. दोन ओळींनंतर ती पुस्तक मिटते. तिच्या पणजोबांनी ज्या संग्रहातून पुस्तके आणली तो संग्रह तिच्यापर्यंत पोहोचायचा असेल, तर कानावाटेच. तिची अडचण आणि आतेभावाची अडचण एका मापाची नाही आणि तिच्या नावाने सहानुभूती मागण्याचा माझा विचारही नाही. पण अंध वाचकांची बाजू मी इतक्या हिरिरीने मांडतो तेव्हा त्यात माझा स्वार्थ मिसळलेला असतो, हे काकांना कळले तर बरेच; त्यांना मी परोपकारी वाटण्यापेक्षा ते खरे आहे.

पैसे पाठवेन असे मी त्यांना कळवले आहे, पण एका अटीवर. कंत्राटदाराने प्रत्येक पानाच्या छायाचित्राबरोबर युनिकोडमधील मजकूर द्यावा, पहिल्या पन्नास पुस्तकांचे मुद्रितशोधन माझ्या खर्चाने व्हावे, आणि देयक चुकते करण्यापूर्वी त्यांतली कोणतीही पाच पुस्तके आतेभावाच्या फोनवर ऐकून तपासली जावीत. कार्यकारिणीची बैठक पुढच्या रविवारी आहे.