साठच्या खाली गुण पडले म्हणून गट बंद करायचा?

परवा रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज. "मावशी, आम्हाला १०० पैकी ३८ पडले. गट बंद करावा का?" मला आधी कळेचना कसले गुण, हिची परीक्षा संपून दोन वर्षं झाली. मग तिने तो फॉरवर्ड पाठवला. तोच माझ्याकडे आधी चार ठिकाणांहून येऊन पडला होता आणि मी न वाचता डिलीट केला होता, ती माझी चूक.

ज्यांच्यापर्यंत आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. "तुमची संस्था किंवा युवा गट खरंच सक्षम आहे का? ६ निकष, १०० गुण, ५ मिनिटांत तपासा." निकष असे: किती जणांचं प्रशिक्षण झालं, प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतरच्या चाचणीत गुण किती वाढले, फीडबॅक फॉर्मची सरासरी किती, लेखी धोरणं किती, बाहेरून निधी किती मिळाला, आणि गट चालवणाऱ्यांना अनुभव किती वर्षांचा. आणि खाली ठळक अक्षरात, "६० पेक्षा कमी गुण असलेल्या गटांनी स्वतंत्र काम थांबवून आधी २ वर्षं मोठ्या संस्थेच्या हाताखाली शिकावं. अर्धवट क्षमतेने केलेलं काम समाजाचं नुकसान करतं." शेवटी शिक्का मारल्यासारखं, "आंतरराष्ट्रीय किर्कपॅट्रिक पद्धतीवर आधारित."

माझं कामच संस्थांच्या प्रशिक्षणांचं मूल्यमापन करायचं आहे, म्हणजे असले फॉर्म मी पण बनवलेत, भरून घेतलेत, त्यांचे तक्ते काढून रिपोर्टला जोडलेत. त्यामुळे हे कुठून उचललंय ते मला दिसतंय आणि म्हणूनच जास्त राग येतोय. भाचीच्या गटात नऊ जण आहेत, शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांना संध्याकाळी शिकवतात, चार वर्षं चाललंय. त्यांना ५ मिनिटांत कळलं की आपण समाजाचं नुकसान करतोय. वा.

आधी त्या किर्कपॅट्रिकचं बघू, कारण ते नाव वाचून लोक गप्प बसतात. डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पातळ्या मांडल्या. लोकांना प्रशिक्षण कसं वाटलं, ते काय शिकले, परत गेल्यावर त्यांचं वागणं बदललं का, आणि त्यातून कामावर काय परिणाम झाला. आता वरचे सहा निकष परत वाचा. फीडबॅक फॉर्म ही पहिली पातळी, चाचणी ही दुसरी, आणि तिथेच गाडी थांबलीय. वागणं बदललं का, काम बदललं का, यावर एक प्रश्न नाही. ज्या दोन पातळ्या मोजायला सोप्या त्या घेतल्या, अवघड त्या टाकल्या, आणि नाव मात्र पूर्ण पद्धतीचं लावलं.

किती जणांचं प्रशिक्षण झालं या निकषावर मला फार लिहायचं नाही, ज्यांनी हजेरीपट बघितलेत त्यांना माहितीये. २५ जणांची तीन सत्रं झाली की रिपोर्टात ७५ येतात, नावं जुळवून बघितली तर माणसं निघतात तीस-पस्तीस, कारण तीच तीच लोकं प्रत्येक सत्राला पाठवली जातात, ज्यांना वेळ आहे किंवा ज्यांना अध्यक्ष नाही म्हणू शकत नाही अशी. आणि युवा गटात तर माणसं टिकतच नाहीत, नोकरी लागते, शिकायला दुसरीकडे जातात, दोन वर्षांनी निम्मा गट नवीन. प्रशिक्षण घेतलेली माणसं गेली की ते शिकलेलं त्यांच्याबरोबर जातं, गटाकडे फोटो उरतात.

बरं हे माझं मत म्हणून सोडून द्याल, तर जागतिक बँकेच्या स्वतंत्र मूल्यमापन विभागाचा २००८ चा अहवाल आहे, बँकेने पैसे दिलेल्या प्रशिक्षणांवरच. त्यात निघालं ते असं की बहुतेक प्रशिक्षणांत भाग घेणारी माणसं शिकली, पण त्यांच्या संस्थांची क्षमता वाढली ती साधारण निम्म्याच वेळा. परत वाचा हे. माणसं शिकली, तरी निम्म्या वेळा संस्था होती तिथेच. आणि कारणं पण दिलीत: संस्थेत नेमकं काय कमी आहे ते आधी तपासलंच नाही, पाठवायची माणसं चुकीची निवडली, परत गेल्यावर शिकलेलं वापरायला आधार नाही, फॉलोअप नाही. हा अहवाल मुख्यतः सरकारी खाती आणि मोठ्या संस्थांबद्दल आहे, नऊ पोरांच्या गटाबद्दल नाही, हे मान्य. पण एवढं पाठबळ असलेल्या ठिकाणी जर शिकणं आणि सक्षम होणं या दोन वेगळ्या गोष्टी निघत असतील, तर एका फॉरवर्डने त्या एकच धरून १०० पैकी गुण द्यायचे हा कुठला हिशोब?

आता चाचणीचा निकष, आणि इथे मी जरा थांबणार आहे कारण भाचीच्या गटाचे सगळ्यात जास्त गुण इथेच कापले गेले. त्यांनी मागच्या वर्षी एक प्रशिक्षण घेतलं होतं, हिशेब ठेवणं आणि गटाचं नियोजन यावर. आधी फॉर्म भरला, नंतर भरला. चाचणी म्हणजे काय, तर स्वतःच स्वतःला १ ते ५ गुण द्यायचे. "आम्ही हिशेब व्यवस्थित ठेवतो" याला आधी सगळ्यांनी ४ दिले होते. प्रशिक्षणानंतर दिले २. गुण घसरले, म्हणून फॉरवर्डप्रमाणे शून्य, आणि वर टीप, "गुण कमी झाले असतील तर प्रशिक्षण वाया गेले."

अरे, उलटं आहे ते! आधी त्यांना वाटत होतं की वहीत आलेले-गेलेले पैसे लिहिले म्हणजे हिशेब झाला. प्रशिक्षणात कळलं की पावती लागते, ज्याने खर्च केला त्यानेच मंजूर करायचा नसतो, महिन्याच्या शेवटी वहीतली शिल्लक आणि हातातली शिल्लक ताडून बघायची असते. हे कळल्यावर कुठला प्रामाणिक माणूस स्वतःला परत ४ देईल? २ दिले याचा अर्थ शिकले. जे ४ चे ५ करून आले ते बहुतेक मागच्या रांगेत फोनवर होते.

आणि हा काही माझा नवा शोध नाही. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्येच दाखवून दिलं होतं की स्वतःला गुण द्यायच्या चाचणीत प्रशिक्षणामुळे माणसाच्या मनातली मोजपट्टीच बदलते, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे आकडे वजा करून काही कळत नाही. त्यांनी सुचवलेला उपाय पण साधा होता, नंतरच दोन्ही विचारा: आत्ता तुम्ही कुठे आहात, आणि आत्ता मागे वळून बघितलं तर तेव्हा कुठे होता. यात पण घोळ होतोच, समोर ट्रेनर बसलेला असला की लोक त्याला बरं वाटावं म्हणून मागचे गुण मुद्दाम खाली देतात. पण निदान घसरलेल्या आकड्याला नापास तरी म्हणत नाही आपण. जे लोक संस्थांचं क्षमता-मूल्यमापन करतात त्यांना दुसऱ्या फेरीत गुण खाली आले की दचकायला होत नाही. दचकावं तेव्हा, जेव्हा सगळ्यांचे सगळे गुण छान एकसारखे वर गेलेले असतात आणि पुढच्या निधीचा अर्ज त्याच महिन्यात असतो.

फीडबॅक फॉर्मची सरासरी, याच्यावर दोन ओळी. ट्रेनर चांगला बोलला, खोलीत हवा खेळती होती, लवकर सोडलं, झाले ४.६. पुढे.

लेखी धोरणं. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागेल, घेते. हिशेबाची पद्धत, मुलांबरोबर काम करताना काय करायचं नाही याचे नियम, तक्रार कुणाकडे करायची हे लिहून ठेवलेलं असावं, आणि खूप गटांकडे ते नसतं. भाचीकडे पण नाही. "आमचा एकमेकांवर विश्वास आहे" हे चालतं, ज्या दिवशी पैशावरून भांडण होतं त्या दिवसापर्यंतच. तेवढं फॉरवर्डचं बरोबर. पण त्यात विचारलंय किती धोरणं आहेत, जितकी जास्त तितके गुण. मी एका संस्थेचं मूल्यमापन करत होते, नाव सांगणार नाही, त्यांच्याकडे जाडजूड फाइल, अकरा धोरणं, छान बांधलेली. त्यातल्या तिसऱ्या धोरणात पान उलटता उलटता दुसऱ्याच संस्थेचं नाव सापडलं, कॉपी केल्यावर बदलायचं राहून गेलेलं. त्यांना या निकषात पैकीच्या पैकी. आणि ज्या गटाने एका पानावर पाच नियम स्वतः भांडून भांडून ठरवले आणि भिंतीवर लावले त्यांना १ धोरणाचे गुण.

निधीचा निकष वाचून तर मी हसले. निधी मिळाला म्हणजे सक्षम, आणि सक्षम असल्याशिवाय निधी द्यायचा नाही असं सगळे फंडर म्हणणार, मग पहिल्यांदा आत शिरायचं कुणी आणि कसं? शांततेसाठी काम करणाऱ्या युवा संस्थांचं एक सर्वेक्षण आहे, २०१७ चं, युनायटेड नेटवर्क ऑफ यंग पीसबिल्डर्स आणि सर्च फॉर कॉमन ग्राउंड यांनी केलेलं, ३९९ संस्थांचं. त्यातल्या ४९ टक्के संस्था वर्षाला ५,००० डॉलरपेक्षा कमी पैशात चालतात. काम करणाऱ्यांपैकी ९७ टक्के बिनपगारी. म्हणजे फॉरवर्डच्या मापाने यातल्या निम्म्यांनी उद्या सकाळी दुकान बंद करायला हवं. आणि मोठ्या देणगीदारांनी आणि मदत संस्थांनी तरी दिलेला शब्द कुठे पाळला, २०१६ मध्ये ग्रँड बार्गेन नावाचा करार झाला होता, आपत्तीतल्या मदतीचा किमान २५ टक्के पैसा २०२० पर्यंत स्थानिक संस्थांकडे शक्य तितका थेट जाईल म्हणून. २०२० आलं, गेलं, थेट जाणारा वाटा एक आकडीच राहिला.

आता ते ठळक अक्षरातलं वाक्य. ६० पेक्षा कमी तर काम थांबवा. हे ६० आलं कुठून? ५५ का नाही, ७० का नाही? सहा वेगळ्या गोष्टी, ज्यांची एकमेकांशी बेरीजच होत नाही, त्या एकत्र करून एक आकडा काढला आणि त्यावर रेघ मारली. हिशेबात कच्चा पण वस्तीतल्या प्रत्येक घराचा विश्वास असलेला गट, आणि हिशेबात पक्का पण ज्याला दारात कुणी उभं करत नाही असा गट, दोघांना ५० पडले तर ते सारखे? युरोपातल्या ईसीडीपीएम या संस्थेने २००८ मध्ये क्षमतेवरचा मोठा अभ्यास पूर्ण केला, त्यात त्यांनी क्षमतेचे पाच भाग सांगितलेत: स्वतः ठरवून कृती करणं, काम पार पाडणं, इतरांशी नाती जोडणं, परिस्थितीप्रमाणे बदलणं, आणि वेगवेगळ्या मतांची माणसं घेऊनही एका दिशेने जाणं. फॉरवर्डच्या सहा निकषांत यातला एकही धड नाही. नाती तर कुठेच नाहीत, आणि स्थानिक गटाकडे दुसरं असतंच काय?

शिवाय ज्या क्षणी तुम्ही गुणांना रेघ लावता त्या क्षणी लोक खरं सांगायचं बंद करतात. क्षमतेचं मूल्यमापन हे मुळात गटाने बसून "आपलं इथे अडतंय" असं कबूल करण्यासाठी असतं. कबूल केलं की काम बंद पडणार असेल तर कोण कबूल करेल? भाचीने प्रामाणिकपणे भरलं म्हणून ३८, तिच्या ओळखीच्या दुसऱ्या गटाने ८१ टाकून ग्रुपवर फोटो लावला. मी त्या गटाबद्दल काही बोलत नाही.

आणि "मोठ्या संस्थेच्या हाताखाली २ वर्षं". चांगल्या संस्थेबरोबर राहून शिकता येतं, नाही असं नाही, मी पण तशीच शिकले. पण हाताखाली आणि बरोबर यात फरक आहे. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यातल्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग म्हणतच नाहीत: वापरून घेणं, शोभेला ठेवणं, नावापुरतं घेणं. हाताखाली घेतलेल्या युवा गटांचं मी जे बघितलंय ते बहुतेक याच तीन पायऱ्यांवर, खुर्च्या लावा, स्वागताला उभे राहा, फोटोत पुढे या, बजेट विचारू नका. दोन वर्षांनी त्यांना येतं काय, तर दुसऱ्याचा कार्यक्रम पार पाडता. स्वतःचं ठरवायची सवय होती ती पण जाते. समाजाचं नुकसान कशाला म्हणायचं मग? चाळीस मुलांचा वर्ग दोन वर्षं बंद ठेवायचा, नऊ जणांना "क्षमता" यावी म्हणून, आणि तोपर्यंत ती चाळीस मुलं मोठी होऊन निघून जाणार.

भाचीला मी फॉर्म बाजूला ठेवायला सांगितला आणि फोन केला. विचारलं, तू आजारी पडलीस तर वर्ग कोण उघडतं? म्हणाली, कुणीही, आता तर मला न विचारता वेळापत्रक पण बदलतात, मागच्या महिन्यात मोठ्या मुलांची वेळ पुढे ढकलली कारण ती कामावरून उशिरा येतात, मला दोन दिवसांनी कळलं, राग आला होता मला. विचारलं, कुणाला कधी नाही म्हणालात? म्हणाली हो, एक जण पैसे देत होता पण मुलांचे फोटो हवे होते जाहिरातीसाठी, तासभर भांडलो आपापसात आणि नाही सांगितलं. विचारलं, हिशेब? इथे जरा गप्प झाली. वही तिच्याकडे, पासवर्ड तिच्याकडे, दुसऱ्या कुणाला काहीच माहिती नाही.

मग म्हटलं, हे एक कच्चं आहे, बाकीचं ३८ विसर. रविवारी ती आणि गटातले आणखी दोघं वही घेऊन येणारेत, आणि पुढच्या महिन्याचा हिशेब तिने हात न लावता त्या दोघांनी करायचाय.