‘भंगार’ या शब्दावरून: ‘जुना श्रोता’ यांना उत्तर

‘जुना श्रोता’ यांस,
स. न. वि. वि.

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो, पण बायको म्हणाली, सकाळी लिहा. अशा तीन सकाळी गेल्या. राग तेवढाच आहे, शुद्धलेखन तेवढं सुधारलंय.

बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून सांगतो. मागच्या लेखात मी माझ्याकडच्या बारा इंची सिंगल्सबद्दल लिहिलं होतं. पॉप गाणी क्लबात नाचण्यासाठी लांबवून, ठेका पुढं आणून कापलेल्या या तबकड्या. त्या कशा धुतो, संगणकावर कशा उतरवतो ते सांगून शेवटी एकेक मिनिटाचे तीन नमुने जोडले होते. त्यावर ‘जुना श्रोता’ म्हणतात की एका तबकडीचं साल चुकलंय, खरखर काढणाऱ्या फिल्टरनं टाळ्यांची धार गेलीय, ‘ब्लू मंडे’चा नमुना सीडीशी ताडून पाहिला तर मिनिटामागे अर्धा-पाऊण सेकंद संथ चालतो, आणि असे नमुने टाकणं कायद्यात बसतं का ते तपासा. इथवर ठीक. पण शेवटचं वाक्य असं: ‘तुम्हा सीमाभागातल्या मंडळींनी मराठी नाट्यसंगीताच्या तबकड्या वाचवायच्या सोडून गोऱ्यांच्या डिस्कोचं भंगार धुत बसावं, याची कीव येते.’

साल आधी मिटवतो. डबल एक्सपोजरचं ‘टेन पर्सेंट’ १९७६ चं, मी १९७५ लिहिलं होतं. चूक माझी, लेखात दुरुस्त केलीय. चूक कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही, एवढं लक्षात असू द्या.

आता ते वाक्य.

‘तुम्हा सीमाभागातल्या मंडळींनी.’ तुम्ही पुण्याचे असणार असं मी धरून चालतो, कारण ‘कीव येते’ हे खंबाटकीच्या अलीकडे फारसं कुणी म्हणत नाही. आमच्याकडे सरळ शिव्या देतात आणि मग चहा पाजतात. असो. मी बेळगावच्या शहापुरात वाढलो. घरात मराठी, लेथवर कानडी, बाजारात ज्याची जीभ आधी हलेल ती. एक नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, वडिलांनी दंडाला काळी फीत बांधली नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही. आमच्या मराठीपणाचा दाखला मागायला इथं आधीच पुष्कळ लोक येतात, साहेब. त्यांच्या रांगेत तुम्ही कशाला उभे राहता?

नाट्यसंगीताचं म्हणाल, तर आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आमच्या माळ्यावर होत्या. होत्या म्हणतो, कारण त्यातली एक मी माझ्या हातानं मारली. एकोणीस वर्षांचा होतो. धूळ जाईना म्हणून औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणलं आणि कापसानं पुसलं. कापूस काळा झाला. वाटलं, केवढा मळ निघतोय! मळ नव्हता तो, तबकडीच होती. ७८ च्या तबकड्या लाखेच्या, आणि लाख अल्कोहोलात विरघळते. दिवाळीला आजोबांनी तीच लावायला सांगितली, तेव्हा सुईखालून नुसता वाळूवर झाडू फिरवल्यासारखा आवाज आला. ते काही बोलले नाहीत, उठून अंगणात गेले. त्यामुळे तबकडी वाचवणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये. उरलेल्या चौदा तबकड्या मी एका जाणत्या संग्राहकाच्या हवाली केल्या. त्यांच्याकडं ७८ चा वेग आहे आणि त्या रुंद खाचेला लागणारी जाड सुई आहे. माझ्याकडची सुई बारीक. ती त्या खाचेत तळाशी लोळते आणि फक्त कचरा वाचते. म्हणजे मी नाट्यसंगीत ‘सोडून’ दिलेलं नाही, ज्याला जमतं त्याच्याकडं सोपवलंय. आणि ज्या जिल्ह्यात सुळेभावीला कुमार गंधर्व जन्मले, तिथल्या माणसाला गाणं म्हणजे काय हे सांगायला चार वाक्यं पुरत नाहीत.

पुढं ‘गोऱ्यांच्या’. डबल एक्सपोजर हे फिलाडेल्फियाचे काळे गायक. ‘टेन पर्सेंट’ कापून-जोडून नऊ मिनिटांच्या वर नेलं वॉल्टर गिबन्स या डीजेनं. तो गोरा होता, हे तुम्ही शोधून काढायच्या आत मीच सांगतो. दुकानात विकायला आलेली पहिली बारा इंची सिंगल ती हीच. पण ‘कुंग फू फायटिंग’ कुणी केलं? १९७४ साली इंग्लंडात आणि अमेरिकेत, दोन्हीकडं पहिल्या नंबरावर गेलेलं गाणं. गाणारा कार्ल डग्लस जमैकाचा, निर्माता बिड्डू आपल्या बेंगळुरूचा. त्याच बिड्डूनं १९८० ला ‘कुर्बानी’तलं ‘आप जैसा कोई’ केलं आणि पुढच्या वर्षी नाझिया हसनचं ‘डिस्को दीवाने’. गणपतीच्या मांडवात आमच्या चुलतभावाच्या कर्ण्यातनं हे वाजत होतं तेव्हा कुणी गोरा शोधायला गेलं नव्हतं. शिवजयंतीच्या चित्ररथावर ज्या अॅम्प्लिफायरवर पोवाडा, त्याच अॅम्प्लिफायरवर रात्री उशिरा हे. व्हॉल्व्ह तापायचे ते सारखेच.

आणि ‘भंगार’.

बारा इंची तबकडी जन्माला आली तीच मुळी माल संपल्यामुळे. टॉम मूल्टन हा डिस्को मिक्स करणारा न्यूयॉर्कमध्ये एका गाण्याची चाचणी-तबकडी कापून घ्यायला गेला, तर सात इंची कोऱ्या चकत्या संपल्या होत्या. कापणाऱ्यानं, होजे रॉड्रिगेझनं, दहा इंची चकती लावली. एवढ्या मोठ्या चकतीवर खाच अंगठीएवढी दिसायला लागली, म्हणून ती ऐसपैस पसरायला सांगितली, आवाजही चढवायला सांगितला. वाजवून बघितलं तर काय! खर्जाला खाच डावी-उजवीकडं लांब हलावी लागते. सात इंचात तेवढी जागा नसते, म्हणून आवाज दाबावा लागतो. जागा मिळाल्याबरोबर ढोल छातीत बसायला लागला. तिथून पुढं बारा इंची आली. तुमच्या फोनवर एखाद्या गाण्याची बारा इंची प्रत असेलही, पण बहुतेक वेळा मागल्या बाजूचा डब मिक्स नसतो, ज्यात गायिका चार ओळींनंतर गायब होते आणि नुसता बास, ठेका आणि एक घुमणारी टाळी उरते. कंपनीनं तो पुन्हा काढलाच नाही, म्हणून तो माझ्या कपाटात आहे. भंगार म्हणजे ज्याला पुन्हा कुणी हात लावणार नाही ते. मी तर रोज रात्री हात लावतो.

कसा, तेही सांगतो, म्हणजे ‘धुत बसलाय’ हे किती सोपं वाटतं ते कळेल. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत नसेल. जूनमध्ये कपाट बंद केलं तर सप्टेंबरात कागदी पाकिटाला कुबट वास आणि खाचांत पांढरी बुरशी, मिठाच्या कणांसारखी. लोणच्याच्या बरणीचं झाकण लेबलावर दाबून धरायचं, डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, आणि रंगाचा मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं गोल. आडवा मारला की संपलं. मग साध्या डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा, आणि ताटाळ्यात उभी वाळवायची. फडक्यानं पुसायची नाही. रेकॉर्डिंग रात्री दोननंतर, गल्लीतल्या पाण्याच्या मोटारी बंद झाल्यावर. एका बाजूला नऊ मिनिटं, पण ती नीट उतरायला कधी कधी तीन रात्री.

माझा डेक, म्हणजे तबकडी फिरवणारं यंत्र, अमेरिकेचा आहे. १९९४ साली म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका तारवट्याकडून, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्याकडून घेतला, सोबत एकवीस तबकड्या आल्या. चोर्ला घाटानं एसटीतनं मांडीवर आणला. घरी लावला तर सगळ्या बायका पुरुषासारख्या गायला लागल्या! ट्रान्सफॉर्मर २३० चे ११० व्होल्ट करतो, पण तिकडची वीज ६० हर्ट्‌झची, आपली ५० ची. ते कुठलाच ट्रान्सफॉर्मर बदलत नाही. मोटार त्या हर्ट्‌झवर फिरते, म्हणून मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी साडेसदतीसनं फिरायची. मी मोटारीची पुली काढून उद्यमबागेत, आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका मिस्त्रीकडं नेली. तो कानडी, मी मराठी, मधे व्हर्नियर. ६० भागिले ५०, एक पूर्णांक दोन पट. ४५ चा टप्पा दहा मिलिमीटरचा होता, त्यानं पितळेत बारा मिलिमीटरचा कातून दिला, ३३ चाही त्याच हिशेबानं. ‘आयतु’ (झालं) म्हणाला, चहाचेही पैसे घेतले नाहीत. तीस वर्षं झाली. नवा पट्टा मिळेना तेव्हा जरा जाडसर रबराचा बसवला, त्यावरही चालतोय. इतक्या प्रेमानं चाललेल्या गोष्टीला स्टॉपवॉच लावून मिनिटामागे अर्धा सेकंद मोजायचा, याला मी ऐकणं म्हणत नाही. गाणं ऐकायचं असतं की त्याची हजेरी घ्यायची असते?

उरलेल्याबद्दल थोडक्यात. टाळ्या माझ्या कानाला व्यवस्थित ऐकू येतात. आणि कायदा म्हणाल तर ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्याकडे साठ वर्षं असतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर एका मिनिटाच्या वर टाकत नाही; अर्थात एक मिनिट चालतं असा नियम कायद्यात नाही.

तुम्ही जुने श्रोते आहात, तर कधी बेळगावला या. उतरायची सोय करीन, कुंदा खायला घालीन. पण ‘कीव’ मात्र टोलनाक्याच्या पलीकडं ठेवून या.

ता. क. हे सगळं लिहून झाल्यावर काल रात्री वेग तपासायची स्ट्रोबची कागदी चकती सापडली, ती डेकवर ठेवून बघितली. तुमच्यासाठी नव्हे, सहज. एलईडीच्या उजेडात या चकतीवरच्या रेघा नुसत्या पुसट होतात. तिला जुना चोकवाला ट्यूबलाइट लागतो, तो फक्त गोठ्यात उरलाय. म्हणून डेक उचलून गोठ्यात नेला. म्हैस बघत होती. वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या राहतात. ४५ च्या टप्प्यावर त्या मागं सरकताना दिसल्या, साधारण सेकंदाला एक. विजेचे हर्ट्‌झ रात्री कमी-जास्त होतात खरे, पण ट्यूबलाइटही मोटारीच्याच विजेवर, म्हणून हे त्यामुळं नव्हे. पुली बारा मिलिमीटरची भरली, मी स्वतः मोजली. मिस्त्रीच्या मुलाला फोन केला तर तो म्हणतो, पट्ट्याची जाडी हिशेबात धरली होती का? रविवारी पुली घेऊन उद्यमबागेत जाणार आहे. तिकडं तसंही एक काम होतं.